दाखवायचे दात

‘व्हिनिअर’ हा शब्द आपल्याकडे आधी सुतारांनी आणला, दातांच्या डॉक्टरांनी नंतर. प्लायवूडच्या दुकानात सागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा मिळतो. तो साध्या फळीवर चिकटवला की कपाट सागवानी दिसते. कोणत्याही चांगल्या सुताराला विचारा, तो लाकडाच्या रेषांबद्दल कमी आणि सरसाबद्दल जास्त बोलेल. पापुद्रा कितीही देखणा असला तरी सरस धरला नाही तर पहिल्या पावसाळ्यात कडा उचलतात. आणि सरस पक्का धरला तर पापुद्रा काढताना खालची फळीही सोलवटून निघते.

दातांवर बसवायच्या व्हिनिअरचा इतिहास वाचताना मला हे सुताराचे शहाणपण पुन्हा पुन्हा आठवले. दात सुंदर दिसावेत ही हौस जुनी आहे. पांढरे आवरण तयार करण्याची विद्याही सव्वादोनशे वर्षांहून जुनी. नवा आहे तो सरस. तो सापडला आणि संध्याकाळी काढून ठेवता येणारी वस्तू आयुष्यभराची झाली. व्हिनिअर करून घेण्याआधी काय जाणून घ्यावे, याचे उत्तर मला या बदलात दिसते.

सुरुवात रंगापासून करू. दात पांढरे म्हणजे सुंदर, हे आज इतके उघड वाटते की त्याला इतिहास असेल असे मनात येत नाही. संस्कृत कवींनी दातांना कुंदकळ्यांची उपमा दिली हे खरे. पण त्याच देशात कित्येक पिढ्या बायका दात मुद्दाम काळे करत होत्या. उत्तरेत त्याला मिस्सी म्हणत, आपल्याकडे दातवण. हिराकस, मायफळ, मोरचूद अशी द्रव्ये कुटून केलेली ती पूड दातांवर आणि हिरड्यांवर घासत. माझ्या आईच्या माहेरी पणजीची एक पितळी डबी होती, करंडा म्हणावा तर त्याहून लहान. कुंकवाची असेल असे आम्हा मुलींना वाटे. ती दातवणाची आहे हे आजीने सांगितले तेव्हा आम्ही नाक मुरडले होते. पणजीला आमच्या पांढऱ्या दातांकडे पाहून काय वाटले असते, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

या काळेपणामागचे रसायन शाईचे आहे. हिराकशीतले लोखंड आणि मायफळातले टॅनिन एकत्र आले की गडद काळा रंग तयार होतो. युरोपातले शेकडो वर्षांचे दस्तऐवज याच मिश्रणाच्या शाईने लिहिलेले आहेत. जपानमध्ये ‘ओहागुरो’ नावाची दात काळे करण्याची प्रथा होती, तिचेही घटक तेच: आंबवलेल्या द्रवात विरघळवलेले लोखंड आणि झाडावरच्या गाठींची टॅनिनयुक्त पूड. विवाहित स्त्रिया, दरबारी, एके काळी सामुराईसुद्धा दात काळे करत. १८७० साली मेइजी सरकारने सरदार घराण्यांना ही प्रथा बंद करायला लावली आणि १८७३ साली सम्राज्ञी स्वतः पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. सौंदर्याची कल्पना एका सरकारी हुकमाने आणि एका राणीच्या हसण्याने उलटू लागली.

या काळ्या दातांची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो रंग टिकाऊ नव्हता. दर काही दिवसांनी पुन्हा लावावा लागे. लावणे थांबवले की हळूहळू उतरे. म्हणूनच फॅशन बदलली तेव्हा जपानी बायकांना पांढऱ्या दातांकडे परत येता आले. त्यांनी दातावर काही चढवले होते, दातातून काही काढले नव्हते.

काढण्याची परंपराही जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढ येथे सात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांचे अकरा दात गारगोटीच्या टोकाने कोरलेले सापडले. तो बहुधा उपचार असावा, कारण ते दाढांचे दात होते, कोणाला दिसणारे नव्हते. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी मात्र समोरचे दात दाखवण्यासाठीच कोरले. दातात गोल खळगा पाडून त्यात जेड किंवा चकाकणारे पायराइट बसवत आणि ते वनस्पतींच्या चिकापासून केलेल्या लुकणाने चिकटवत. हजार-बाराशे वर्षांनंतरही काही कवट्यांमध्ये ते खडे जागच्या जागी आहेत. काही दातांत मात्र खळगा थेट आतल्या नसेपर्यंत गेलेला दिसतो. त्या माणसाला काय कळा आल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी.

आता अठराव्या शतकातल्या पॅरिसकडे जाऊ, कारण आजच्या व्हिनिअरची माती तिथली आहे. तोपर्यंत कृत्रिम दात हस्तिदंताचे, पाणघोड्याच्या दाताचे किंवा मेलेल्या माणसांचे असत. ते तोंडात कुजत आणि दुर्गंधी येई. १७७४ च्या सुमारास दुशातो नावाच्या एका औषध विक्रेत्याला आपल्या कवळीचा असा वैताग आला की त्याने चिनी मातीची कवळी करून पाहिली. पुढे निकोला द्युबुआ द शेमां या दंतवैद्याने तिच्यात सुधारणा करून ती बाजारात आणली. त्याच शहरात १७८७ साली एलिझाबेथ विजे-लब्रं या चित्रकर्तीने आपले आणि आपल्या मुलीचे एक चित्र प्रदर्शनात मांडले. त्यात तिचे ओठ किंचित विलग आहेत आणि पांढरे दात दिसतात. त्यावर तेव्हाच्या रसिकांनी नाके मुरडली. सभ्य माणसाने चित्रात दात दाखवू नयेत असा संकेत होता. आज फोटोवाला ‘हसा’ म्हणतो तेव्हा त्याला ठाऊक नसते की तो संकेत मोडायलाही कोणीतरी धाडस केले होते.

चिनी माती दाताच्या रंगाची करता येते, कुजत नाही, डाग धरत नाही. पण ठिसूळ. आणि जिवंत दाताला ती चिकटवायची कशी? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी याचे एक उत्तर दिले: दात चहूबाजूंनी घासून खुंटाएवढा करायचा आणि त्यावर चिनी मातीची टोपी घालायची. (हे लँड म्हणजे १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणारे वैमानिक लिंडबर्ग यांचे आजोबा.) ही टोपी, म्हणजे आजच्या भाषेत क्राउन किंवा कॅप. व्हिनिअर आणि कॅप यांत लोक आजही गल्लत करतात, आणि ती महागात पडते. व्हिनिअर दाताच्या फक्त दर्शनी अंगावर बसते. कॅपसाठी सगळा दात कातरावा लागतो.

दुसरे उत्तर हॉलिवूडने दिले. बोलपट आले, कॅमेरा चेहऱ्याजवळ आला, आणि नटनट्यांचे वाकडे, पडके दात पडद्यावर हातभर मोठे दिसू लागले. चार्ल्स पिंकस या तिथल्या दंतवैद्याने १९३०च्या दशकात चिनी मातीचे पातळ पापुद्रे भाजून तयार केले. ते कवळी बसवायच्या चिकट पावडरीने दातांवर लावायचे, दृश्य चित्रित करायचे आणि मग काढून डबीत ठेवायचे. बालनटी शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडू लागले तेव्हा प्रेक्षकांना तिच्या तोंडातली खिंडारे कधी दिसली नाहीत, ती पिंकस यांच्या पापुद्र्यांमुळे. ते लावून जेवता येत नसे. ते दागिन्यासारखे होते, पणजीच्या दातवणासारखेच, वरवरचे आणि परत फिरता येण्याजोगे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, ही म्हण पिंकस यांच्या गिऱ्हाइकांना शब्दशः लागू होती.

मग सरस सापडला. १९५५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात मायकेल ब्युओनोकोर यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. कारखान्यांत धातूला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फरिक आम्ल लावतात हे त्यांना माहीत होते. तेच त्यांनी दाताच्या एनॅमलवर अर्धा मिनिट लावून धुतले. एनॅमलचा गुळगुळीत पृष्ठभाग सूक्ष्म खाचांनी भरून गेला आणि वर लावलेले रेझिन त्या खाचांत शिरून घट्ट बसले. १९६२ साली राफेल बोवेन यांनी दातांसाठी अधिक चांगल्या रेझिनचे पेटंट घेतले. १९८०च्या दशकाच्या आरंभी सायमनसेन आणि कलामिया यांनी चिनी मातीच्या पापुद्र्याची आतली बाजूही आम्लाने खरखरीत करून दाखवली. आता दोन्ही बाजूंना खाचा आणि मध्ये रेझिन. पिंकस यांचा संध्याकाळी निघणारा पापुद्रा आता निघेना. त्याने खाता येऊ लागले. दाखवायचे आणि खायचे दात एक झाले.

या विजयाची किंमत दाताने दिली. पापुद्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, बोटाच्या नखाइतका. तो तसाच वर चिकटवला तर दात जाडजूड, पुढे आलेला दिसतो. म्हणून बहुतेक वेळा तेवढेच एनॅमल आधी घासून काढतात. समोरच्या दातावर मधल्या भागात एनॅमल सुमारे एक मिलिमीटर असते, हिरडीजवळ त्याच्याही निम्मे किंवा कमी. आणि एनॅमल पुन्हा येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात. हाड सांधते, कातडी भरून येते, नख वाढते. एनॅमल एकदाच मिळते.

हे सगळे मी वाचायला घेतले ते माझ्या भाचीमुळे. ती यवतमाळ जिल्ह्यातली, वय २४. मी गेली तीस वर्षे हैदराबादला आहे, शाळेत इतिहास शिकवून आता निवृत्त. नोकरीसाठी ती माझ्याकडे राहायला आली आणि एके रात्री म्हणाली, “मावशी, एकाही फोटोत मी हसत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?” आले होते. तिच्या समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि मध्ये तपकिरी डाग आहेत. तिच्या गावातल्या बरोबरीच्या निम्म्या मुलामुलींचे तसेच आहेत. हापशाच्या पाण्यातले फ्लोराइड.

या डागांचाही इतिहास आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी गेला, तेव्हा तिथल्या लोकांचे दात असेच तपकिरी होते. त्याने तीस वर्षे कारण शोधले. १९३१ साली एका ॲल्युमिनियम कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनी पाण्यात फ्लोराइड शोधून काढले तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून या विकाराची नोंद झाली, आणि ती फक्त दातांची नव्हती, हाडे वाकलेल्या माणसांची होती. हैदराबादहून दोन-अडीच तासांवरचा नलगोंडा जिल्हा तर या विकाराचेच नाव होऊन बसला आहे. तुरटी आणि चुना घालून पाण्यातले फ्लोराइड कमी करण्याची जी पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने शोधली, तिला ‘नलगोंडा तंत्र’ म्हणतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. दातांवर डाग पडतात ते फक्त बालपणी, आत हाडात एनॅमल घडत असताना. म्हणजे भाचीच्या दातांवरचा डाग हा तिच्या पहिल्या सात-आठ वर्षांत गावाने कोणते पाणी प्यायले याचा दाखला आहे.

इतिहासाच्या शिक्षिकेला हा विचार मोहवतो. पण दाखला तिने तोंडात वागवावा असे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार? लग्नाच्या पहिल्या बैठकीत तिला “तंबाखू खातेस का?” असे विचारले गेले होते. तिला डाग झाकायचे असतील तर तो तिचा हक्क आहे. प्रश्न इतकाच होता की ती काय देऊन झाकणार.

त्यामुळे आम्ही दोघींनी मिळून प्रश्नांची यादी केली आणि ती घेऊन दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेलो. दंतवैद्यकाची नोंदणी आपल्या देशात कायद्याने सक्तीची आहे. त्यामुळे पहिला प्रश्न नोंदणीचा. ब्यूटी पार्लरात किंवा भाड्याच्या खोलीत कोणी ‘स्माइल’ करून देत असेल तर तिथून उठावे.

दुसरा प्रश्न: याहून कमी खर्चात, कमी घासून काम होईल का? फ्लोराइडच्या डागांसाठी उपायांची एक उतरंड आहे. सौम्य डाग कधी ब्लीचिंगने आसपासच्या रंगात मिसळतात. वरवरचे तपकिरी डाग सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांनी घासून निघतात, त्यात एनॅमलचा अगदी पातळ थर जातो. पांढऱ्या डागांत पातळ रेझिन मुरवण्याची पद्धत आहे. त्यानंतर काँपोझिटचा थर, जो डॉक्टर खुर्चीतच चढवतात. तो चिनी मातीपेक्षा लवकर डागाळतो, टवका उडतो, पण दुरुस्त करता येतो आणि बहुधा फारसे घासावे लागत नाही. चिनी मातीचे व्हिनिअर त्याच्याही पुढची पायरी. कॅप सगळ्यांत शेवटची, तीही दात मुळातच मोडका असेल तर.

तिसरा प्रश्न: किती घासणार, आणि खाली एनॅमल उरणार का? सरस एनॅमलला उत्तम धरतो, त्याखालच्या डेंटिनला तितका नाही. जास्त घासले तर धार लागते, ठणकतात आणि व्हिनिअर सुटण्याची शक्यता वाढते. गडद डाग पातळ पापुद्र्यातून दिसतो. तो लपवायला पापुद्रा जाड हवा आणि जाड पापुद्र्याला जास्त घासणे आले. फ्लोराइडने बदललेले एनॅमल आम्लालाही सहज दाद देत नाही, म्हणून डॉक्टरांनी अशा दातांवर आधी काम केले आहे का, हे विचारावे.

चौथा प्रश्न रंगाचा. चिनी मातीवर ब्लीचिंगचा परिणाम होत नाही. बाकीचे दात उजळायचे असतील तर ते आधी करावे, आणि मग साधारण दोन आठवडे थांबून व्हिनिअर चिकटवावे, कारण ब्लीचिंगनंतर लगेच रेझिन नीट धरत नाही. नंतर आपले बाकीचे दात वयाप्रमाणे पिवळसर होत जातील आणि व्हिनिअर तसेच राहील, हेही लक्षात ठेवावे.

पाचवा प्रश्न तोंडाच्या बाकीच्या प्रकृतीचा. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात किडलेले असतील तर आधी ते बरे करायचे. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर चिनी माती तडकते. अशांना रात्री घालायचा गार्ड लागतो, काहींना व्हिनिअर न केलेलेच बरे. नंतर दाताने दोरा तोडणे, सुपारी फोडणे, ऊस सोलणे विसरावे.

सहावा प्रश्न आम्ही विचारला तेव्हा एका डॉक्टरांनी घाईने विषय बदलला आणि दुसऱ्यांनी कागद पुढे ओढून हिशेब मांडला. प्रश्न होता: हे किती वर्षे टिकेल? चांगले केलेले चिनी मातीचे व्हिनिअर दहा-पंधरा वर्षे सहज जाते, काही वीसही जातात. पण भाची २४ वर्षांची आहे. तिला सत्तरीपर्यंत हसायचे असेल तर हेच काम तीन-चार वेळा करावे लागेल. दर वेळी जुने काढताना थोडा दात आणखी जाईल आणि दर वेळी तेवढा खर्च येईल. ते डॉक्टर म्हणाले, “ताई, आज तुम्ही एका वस्तूची किंमत विचारताय. ही खरं तर वर्गणी आहे.” आम्ही त्यांच्याकडेच राहिलो.

त्यांनी तिच्या दातांचे ठसे घेऊन प्लास्टरचा साचा केला, त्यावर मेणाने नवे दात घडवले आणि काहीही न घासता तात्पुरत्या रेझिनने ते रूप तिच्या तोंडात चढवून दाखवले. पिंकस यांच्या नट्यांसारखी ती दिवसभर ते लावून वावरली. संध्याकाळी काढायला गेली तेव्हा तिने डॉक्टरांना सांगितले, “आठ नकोत. आधी डाग घासून बघू. मग जे उरेल त्याचं बघू.” दोन महिन्यांनी सहा दातांचे डाग एवढे फिके झाले की तिने ते तसेच ठेवले. मधल्या दोन दातांना, जिथे तपकिरी खड्डे होते, व्हिनिअर बसवले.

घासण्याआधीच्या दातांचे फोटो आणि तो प्लास्टरचा साचा आम्ही मागून घेतला. डॉक्टरांना नवल वाटले, पण त्यांनी दिला. पंधरा वर्षांनी जो कोणी हे व्हिनिअर बदलेल त्याला खाली मूळचा दात कसा होता हे कळायला हवे. साचा आता पणजीच्या पितळी डबीशेजारी माझ्या कपाटात आहे. भाचीचे लग्न होऊन ती गेली की तो तिच्याबरोबर जाईल. कोणत्या गावी जाईल कोण जाणे. पण जाण्याआधी तिथल्या पाण्याची तपासणी करून घे, हे मी तिला सांगून ठेवले आहे.